सात फुल्या, बुधवार ते शुक्रवार: घरातल्या फिश टँकमधले मासे का मरत होते?

टाकी दीड फुटाची. मापानं सांगायचं तर १८ इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच. तळाचे खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर तिच्यात जेमतेम २८ लिटर पाणी राहतं. गेल्या दसऱ्याला नातीच्या हट्टापायी आजोबांनी ती आणली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. त्यात दोन गोल्डफिश, चार काळ्या मॉली, चार विडो टेट्रा आणि काच साफ ठेवेल म्हणून दुकानदारानं दिलेला एक सकर, असे अकरा मासे होते. पहिल्या महिन्यात दोन-तीन मासे गेले, त्यांच्या जागी नवे आले. त्यानंतर एप्रिल संपेपर्यंत सगळं नीट चाललं. मग मे महिन्याच्या चार आठवड्यांत सात मासे मेले.

मी वीसेक वर्षं मासे पाळतो. ओळखीत कुणाचे मासे मरायला लागले की मला फोन येतो आणि बहुतेक वेळा दोन-चार प्रश्नांतच उलगडा होतो. नवी टाकी, पहिल्याच दिवशी भरमसाट मासे, नळाचं पाणी थेट ओतलेलं, अशी नेहमीची कारणं असतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या घरात निष्काळजीपणा नावालाही नव्हता. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. ज्या नेमानं देवपूजा, त्याच नेमानं टाकीची सफाई. आणि पहिल्या भेटीत माझं स्वतःचं निदान साफ चुकलं.

मी गेलो तो मेचा शेवटचा रविवार, दुपारी चारची वेळ. सकाळीच टाकी धुतलेली होती. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या पडद्याची नक्षी मोजता यावी. खडे पांढरेशुभ्र. उरलेला एक गोल्डफिश, दोन मॉली आणि सकर बरे दिसत होते. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, बुरशीचा कापूस नाही, पंख झडलेले नाहीत. गोल्डफिशचे कल्ले मात्र जरा जास्तच लाल वाटले.

"मरायच्या आधी काय करतात?" मी विचारलं.

नात पुढे झाली. तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा बारीक होतं. "काका, आधी वर येऊन तोंड उघडझाप करतात. मग पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसतात. खायला टाकलं तरी येत नाहीत. आणि सकाळी उठून बघितलं की मेलेले असतात."

वर येऊन तोंड मारणं म्हणजे श्वास पुरत नाही. तो का पुरत नाही, याची कारणं अनेक. मी पाणी तपासायचं किट काढलं आणि टाकीचं पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (ही दोन्ही माशांच्या घाणीतून तयार होणारी विषं), पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, ७.७. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं, तर पीएच ७.६, अमोनिया शून्य, क्लोरिनही नाही. क्लोरिन नसण्याचं कारण आजोबांनीच सांगितलं. एप्रिल संपता संपता महापालिकेचं पाणी कमी दाबानं यायला लागलं, तेव्हापासून सोसायटीनं खालच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळायला सुरुवात केली होती. मी ते ऐकलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

दोन संशय मात्र तपासले. पहिला एअर पंपाचा. पंप ज्या बोर्डवर लावला होता, त्याच बोर्डवर डास मारायचं लिक्विडचं यंत्र होतं. या यंत्रांतलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नसला तरी माशांना ते जहाल विष. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून मी लगेच यंत्र दुसऱ्या खोलीत लावायला सांगितलं. पण ते दसऱ्यापासून रोज रात्री चालू होतं. दुसरा संशय पाण्याच्या जडपणाचा. बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आणि टेट्रा मुळातले दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याचे. मेलेल्या पहिल्या चार माशांत तीन टेट्राच होते, हे मला नंतर कळलं. पण जड पाणी हेच कारण असतं तर मॉलीनं तक्रार करायचं काही कारण नव्हतं, तिला जड पाणी मानवतं. गोल्डफिशलाही त्याचं काही नसतं. आणि मेलेल्यांत दोन मॉली होत्या, एक गोल्डफिश होता.

म्हणून मी म्हणालो, "कल्ल्यांतल्या परजीवींचं काम दिसतंय. औषध लिहून देतो."

हे निदान चूक होतं. आजींनी चहाला स्वयंपाकघरात बोलावलं नसतं, तर त्या औषधानं उरलेले चारही गेले असते.

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला ती तारीख, नातीच्या पोहण्याच्या क्लासची फी, आणि मधूनमधून लाल पेनाच्या छोट्या फुल्या. "त्या आमच्या माशांच्या," आजोबा म्हणाले. "बँकेची सवय, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही." पहिल्या आठवड्यात गुरुवारी एक. दुसऱ्यात बुधवारी एक, शुक्रवारी एक. तिसऱ्यात गुरुवारी दोन. चौथ्यात बुधवारी एक, शुक्रवारी एक. सातही फुल्या बुधवार, गुरुवार, शुक्रवार या तीनच वारांत. शनिवारी, रविवारी, सोमवारी, मंगळवारी एकही नाही.

रोगाला वार कळत नाही. परजीवी असते तर मासे कुठल्याही दिवशी मेले असते. डासांच्या यंत्राचंही तेच. क्लोरिन असता तर पाणी बदललेल्या रविवारीच, फार तर सोमवारी सकाळी मासे आडवे झाले असते. इथे रविवारी सगळं शून्यावर येत होतं आणि तीन दिवसांनी मरण सुरू होत होतं. म्हणजे टाकीत काहीतरी साठत होतं. शनिवार कोरा का, तेही विचारल्यावर कळलं. शुक्रवारपर्यंत मासा मेलेला दिसला की आजोबा घाबरून निम्मं पाणी बदलायचे.

मी औषधाची चिठ्ठी परत घेतली. चहा तसाच ठेवून आजोबांना म्हणालो, "काका, रविवारी टाकी नेमकी कशी धुता, ते मला पहिल्यापासून सांगा. एकही गोष्ट गाळू नका."

त्यांनी सांगितलं, आणि सांगताना थोडा अभिमानही होता, जो रास्तच होता. मासे जाळीनं बादलीत काढायचे. सगळं पाणी ओतून द्यायचं. खडे पसरट घमेल्यात घेऊन तांदूळ धुतात तसे पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. काच आतून घासायची. आणि फिल्टरचा स्पंज? ते मला बाल्कनीत घेऊन गेले. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्याला एक निळा स्पंज लटकत होता, मेच्या उन्हात वाळून कडक झालेला. "दोन ठेवलेत. एक आत, एक उन्हात. आठवड्याला आलटून पालटून. उन्हानं सगळे जंतू मरतात ना."

मरत होते. सगळेच.

मासा खातो, त्या अन्नातल्या प्रथिनांचा निचरा अमोनियाच्या रूपात होतो आणि त्यातला बराचसा थेट कल्ल्यांमधून पाण्यात उतरतो. न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर घालतात. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो संपवायचं काम जिवाणू करतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त स्पंजवर चिकटून वस्ती करतात. स्पंज पिळल्यावर जो तपकिरी गाळ निघतो, त्यातच त्यांचा संसार असतो. नवी वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आजोबांच्या टाकीत ती सात दिवसांच्या पुढे कधी गेलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात दुकानातून आणलेलं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, टाकलं होतं. त्यानं काचेच्या कोपऱ्यात उरलेसुरले जिवाणूही गेले असणार.

हे ऐकल्यावर आजोबांनी जो प्रश्न विचारला, तो या प्रकरणाचा गाभा. "अहो, पण मी दसऱ्यापासून असंच धुतोय. सात महिने मासे जगले की. मग आत्ताच का?"

माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. पुष्कळ जण निदान करताना हा प्रश्न सोडून देतात. चूक सापडली की समाधान होतं. पण जी चूक सात महिने चालून गेली, ती आठव्या महिन्यात जीव का घेते, हे सांगता येत नसेल तर निदान अर्धंच असतं.

मी किट तिथेच ठेवलं आणि नातीला शिकवलं. ५ मिलिलिटर पाणी, दोन्ही बाटल्यांतले थेंब मोजून, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कागदाशी ताडायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा होत गेला म्हणजे वाढतोय. रोज संध्याकाळी सात वाजता तपासायचं, पीएच आणि तापमानही लिहायचं, मासे वर येऊ लागले तर लगेच फोन करायचा. शिवाय नळाचं एक पातेलं पाणी एअर पंपाची जास्तीची नळी सोडून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी त्याचा पीएच बघायचा.

सोमवारी सकाळी नातीचा फोन आला. "काका, पातेल्यातल्या पाण्याचा पीएच काल ७.६ होता, आज ८.२ आहे. मी दोनदा केलं."

आत्ताच का, याचं उत्तर त्या पातेल्यात होतं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे उपसल्यावर त्याचा पीएच कमी दिसतो. हवा लागली की तो वायू उडून जातो आणि पीएच चढतो. रविवारी मी नळाचं आणि त्याच दिवशी भरलेल्या टाकीचं पाणी तपासलं, म्हणून मला ७.६ आणि ७.७ दिसले. मासे मात्र सोमवारपासून पुढचे सगळे दिवस ८.२ मध्ये राहत होते. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी मऊ. तेच पाणी आजही माझ्या घरी येतं, आणि आजोबांच्या टाकीत एप्रिलपर्यंत पीएच ७.२ च्या आसपास असायचा. ही नोंदही त्यांच्याच वहीत सापडली. सुरुवातीला हौसेनं आणलेल्या पट्ट्यांनी त्यांनी दोनदा तपासलं होतं.

पीएच चढल्यानं काय बिघडतं? अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते फारसं बाधत नाही. दुसरं मुक्त अमोनिया, ते कल्ले जाळतं. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. हिवाळ्यात पाणी २४ अंश आणि पीएच ७.२ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग मुक्त असतो. मेमध्ये पाणी ३० अंश आणि पीएच ८.२ असेल तर तोच भाग साधारण ११ टक्के. किटवर एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम दिसत असेल, तर पहिल्या पाण्यात मुक्त अमोनिया ०.०१७ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात ०.२३. माशाला दीर्घकाळ सोसवणारी मर्यादा ०.०२ च्या आसपास धरतात. म्हणजे सात महिने ते मासे मर्यादेच्या काठावर जगत होते. घाण तेवढीच राहिली असती, तरी मेमध्ये तिचं विष तेरा पट झालं असतं.

भर म्हणून दसऱ्याला दीड इंचाचे असलेले गोल्डफिश आता चार इंचांचे झाले होते आणि खाणं त्या मानानं वाढलं होतं. आजोबा चिमटीनं जेवढं टाकायचे, तेवढं मी आजींच्या मसाल्याच्या छोट्या काट्यावर तोललं. दिवसाला जवळपास एक ग्रॅम. साधारण ३५ टक्के प्रथिनांच्या एक ग्रॅम खाद्यातून ३० मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया निघतो. २८ लिटरला तो वाटला तर दिवसाला लिटरमागे एक मिलिग्रॅम. रविवार शून्य, सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. कॅलेंडरवरच्या फुल्या बुधवारी का सुरू व्हायच्या, ते गणितानंही सांगितलं.

प्रत्यक्ष आकडे थोडे कमी आले, कारण आता चारच मासे होते आणि खाणंही कमी केलं होतं. सोमवारी ०.५, मंगळवारी १, बुधवारी २. बुधवारी संध्याकाळी गोल्डफिश वर येऊन तोंड मारायला लागला आणि नातीचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. मी बादली आणि झाकणाचा डबा घेऊन निघालो.

त्या रात्री केलेल्या गोष्टी साध्या होत्या. पातेल्यांत रात्रभर हवा देऊन ठेवलेल्या पाण्यानं टाकीचं ४० टक्के पाणी बदललं. दोन दिवस खाणं बंद. गोल्डफिश आणि सकर यांना २८ लिटरमध्ये ठेवणं मुळातच गैर होतं. सकर तर वाढून फुटाच्या वर जातो. दोघांना मी माझ्या मोठ्या टाकीत नेलं. नेल्यावर लगेच ओतलं नाही, डब्यात बारीक नळीनं थेंब थेंब माझं पाणी सोडत तासभर घालवला. नातीनं विचारलं होतं, "सकरला मुठा नदीत सोडू या का? तिकडे मोकळं पोहेल." मी तिला उजनी धरणाची गोष्ट सांगितली. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हल्ली हेच सकर येतात. हा मासा आपल्याकडचा नाही आणि आपल्या माशांची जागा खातो. घरात पाळलेला परका मासा नदीत सोडणं ही दया नव्हे. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "तुमच्याकडे येऊन बघितला तर चालेल ना?"

लिंबू किंवा व्हिनेगर टाकून पीएच उतरवायचा सल्ला आजोबांना शेजारच्यांनी दिला होता. तो मी कटाक्षानं टाळायला लावला. जड पाण्यात असा पीएच थोडा वेळ उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि ही चढउतार माशाला स्थिर ८.२ पेक्षा जास्त जाचते. विष कमी करायचं तर मुळात अमोनिया कमी करायचा.

मुख्य औषध मी दुसऱ्या दिवशी पिशवीतून नेलं. माझ्या टाकीतला तीन वर्षांचा स्पंज, तपकिरी, बुळबुळीत, ओला, टाकीच्याच पाण्यात बुडवलेला. आजींनी नाक मुरडलं. आजोबांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "याला धुवायचं नाही?"

"कधीच नाही असं नाही. तीन-चार आठवड्यांनी, टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका दाबायचा. नळाखाली नाही आणि उन्हात तर नाहीच."

तो त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला आणि त्यांचा निळा स्पंज शेजारी ठेवला, म्हणजे वस्ती त्यावरही पसरेल. पुढचे तीन आठवडे नातीच्या वहीत आहेत. अमोनिया चौथ्या दिवशी ०.५ वर आला, नवव्या दिवशी ०.२५ वर. सहाव्या दिवशी नायट्राइट दिसायला लागला, आणि हे अपेक्षितच होतं. पहिल्या जातीचे जिवाणू कामाला लागले, दुसऱ्या जातीचे अजून जमायचे होते. नायट्राइट माशाच्या रक्तातली प्राणवायू वाहायची ताकद मारतो. त्यावर खडेमिठाचा उतारा चालतो, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम म्हणजे २८ ग्रॅम मीठ, काट्यावर तोलून, वाटीत विरघळवून, दिवसभरात तीन वेळा टाकलं. मॉलीला मीठ आवडतंच. टेट्रा उरले असते तर इतक्या सहज टाकलं नसतं. विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. त्या तीन आठवड्यांत कॅलेंडरवर एकही फुली नाही.

आता रविवारचा नेम बदललाय. पाव टाकी पाणी नळीनं तळातून ओढून काढायचं, तेवढंच रात्रभर हवा दिलेलं पाणी भरायचं, खडे जागच्या जागी. जुलैत महापालिकेचं पाणी पुन्हा पुरेसं यायला लागलं तेव्हा मी आजोबांना एक नवी काळजी घ्यायला सांगितली. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नव्हता, या पाण्यात आहे, आणि पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की त्याचा डोसही वाढतो. म्हणून क्लोरिन मारायचे थेंब टाकल्याशिवाय आत एक तांब्याही ओतायचा नाही. त्यांनी ते फिल्टरच्या वरच्या भिंतीवर चिठ्ठी लिहून चिकटवलंय.

जुलैत एक मॉली मेली. पोट फुगलेलं होतं, खवले ताठ उभे राहिले होते, वार सोमवार. पाणी तपासलं, सगळं ठीक होतं. तो वेगळा आजार होता, त्या टाकीचा दोष नव्हता, आणि कॅलेंडरवरच्या फुलीशेजारी आजोबांनी तसं लिहूनही ठेवलं. निळा स्पंज आता तपकिरी झालाय. बाल्कनीतल्या दोरीवर स्पंजाचा चिमटा रिकामा असतो. दर शनिवारी नात माझ्याकडे येते, टाकीसमोर खुर्ची ओढते आणि सकर खाली कुठे लपलाय ते शोधत बसते. गोल्डफिश मात्र तिला पाहिलं की लगेच काचेपाशी येतो.